रिमेक बघावा की मूळ चित्रपट? एका साध्या प्रेक्षकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी समीक्षक नाही. शनिवारी-रविवारी तिकीट काढून थिएटरात जाते, उरलेलं घरी टीव्हीवर बघते. पण घरात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत सिनेमाचा विषय निघाला की गाडी रिमेकवर येतेच, आणि या विषयावर मला गप्प बसवत नाही. प्रश्नही साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. 'सैराट', 'धडक', 'पिंजरा', 'डॉन' यांचे शेवट खाली उघड केले आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघून या.

जुनंच परत काढतात म्हणजे यांच्याकडे नवीन सांगण्यासारखं काही उरलं नाही, असं नाही वाटत?

नाही वाटत. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठीतला पहिला बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. गोष्ट कुठली? हरिश्चंद्र-तारामतीचीच. पहिल्या वीस वर्षांतच आपल्याकडे एक कथा तीनदा पडद्यावर आली आणि कुणी नाक मुरडलं नाही, कारण मधल्या काळात सांगण्याचं साधन बदललं होतं. १९३२ मध्ये तर तारामती प्रथमच मराठीत बोलली, तीही दुर्गाबाई खोट्यांच्या आवाजात.

नाटकाच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधी विचारतो का? 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आलं. श्रीराम लागूंनी बेलवलकर उभे केले, पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले. लोक मुद्दाम जाऊन बघायचे की हा नट तेच स्वगत कसं म्हणतो. अगदी २०१६ साली नाना पाटेकरांचा चित्रपट आला तेव्हाही लोक त्याच ओढीने गेले. मग सिनेमालाच वेगळा न्याय का लावायचा?

मग चांगला रिमेक ओळखायचा कसा?

मी एकच गोष्ट बघते. ही माणसं आता इथली झाली आहेत का? घर, बोलणं, पैशाची अडचण, शेजारी, कुणाची भीती वाटते, कुणापुढे मान खाली जाते, हे सगळं नव्या जागेचं झालं असेल तर तो रिमेक स्वतःच्या पायावर उभा राहतो. फक्त पात्रांची नावं आणि कपडे बदलले असतील तर दुसऱ्या अर्ध्या तासातच कंटाळा येतो.

सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. 'अशी ही बनवाबनवी' हा रिमेक आहे, हे सांगितलं की अजूनही लोक चमकतात. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ मध्ये आला होता. विश्वजीत, मेहमूद, केष्टो मुखर्जी, संगीत हेमंतकुमारांचं. भाड्याची खोली मिळावी म्हणून मित्रांपैकी दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, ही कल्पना तिथली. चित्रपट वाईट नाही, पण आज तो किती जणांना आठवतो? सचिन पिळगावकरांनी १९८८ मध्ये तीच कल्पना पुण्यात आणली आणि वसंत सबनिसांनी ती अशी लिहिली की ती दुसऱ्या कुणाची होती हेच पुसलं गेलं. लीलाबाई काळभोर ही घरमालकीण पुण्यातच असू शकते. खोलीवर मित्रांना चोरून ठेवून घेणारा धनंजय माने, अटी घालणारे विश्वास सरपोतदार, ही माणसं ऐंशीच्या दशकातल्या भाडेकरूंनी खरोखर भोगलेली होती. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती आणि अशोक सराफांचं टायमिंग यावर सगळे बोलतात. मला सबनिसांच्या संवादांबद्दल जास्त बोलावंसं वाटतं. त्यांनी एकही विनोद असा लिहिला नाही जो दुसऱ्या शहरात जसाच्या तसा चालेल.

दुसरं उदाहरण 'पिंजरा'. १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाचा आधार घेऊन शांतारामबापूंनी तो १९७२ मध्ये केला. तिथे शाळामास्तर नाचगाणं करणाऱ्या बाईच्या नादी लागून धुळीला मिळतो. इथे तो गावाने देव मानलेला गुरुजी झाला, कॅबरेच्या जागी तमाशाचा फड आला. आणि मग मूळ चित्रपटात नसलेलं एक वळण: गुरुजी मेले असं समजून गाव त्यांचा पुतळा उभारतं आणि खुद्द गुरुजींवर गुरुजींच्याच खुनाचा आरोप येतो. जिवंत माणसापेक्षा पुतळा जपणं ही आपल्याकडची गोष्ट आहे, बर्लिनची नव्हे. म्हणूनच तो चित्रपट आपला झाला. डॉ. लागूंचा हा पहिला चित्रपट, हे बघताना लक्षातही राहत नाही.

'हेरा फेरी'चंही तेच. सिद्दीक-लाल जोडीच्या 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९) या मल्याळम चित्रपटातला मन्नार मथाई नाटक कंपनीवाला होता. प्रियदर्शनच्या २००० सालच्या हिंदी चित्रपटात तो गॅरेजवाला बाबूराव गणपतराव आपटे झाला. धोतर, जाड भिंगाचा चष्मा, उधारी, वैताग. परेश रावल गुजराती, दिग्दर्शक केरळचे, आणि पात्र असं की आपल्याला आपलाच एखादा काका आठवावा.

'धडक'वर तुमचा इतका राग का?

राग नाही, वाईट वाटतं. कारण 'सैराट' थिएटरात बघितल्यावर बाहेर पडताना शेजारच्या रांगेतली माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि हा अनुभव मराठी न समजणाऱ्यांनाही मिळावा असं मला मनापासून वाटत होतं.

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. करमाळ्याच्या बाजूचा परिसर, उसाचे फड, विहिरी, तात्या पाटलांचा वाडा. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि तिला कुणी अडवत नाही, कारण तिच्यामागे पाटीलकी आहे. परश्या मासे धरणाऱ्या घरातला. या दोघांमधलं अंतर कुणी भाषण देऊन सांगत नाही. वर्गात आर्चीचा भाऊ प्रिन्स शिक्षकावर हात उचलतो आणि नंतर त्याचं काहीही बिघडत नाही, एवढ्यावर प्रेक्षकाला सत्ता कुणाची ते कळतं. पहिल्या भागात अजय-अतुलची गाणी आपल्याला उचलून नेतात. दुसऱ्या भागात गाणी थांबतात आणि हैदराबादची झोपडपट्टी, पैशांची चणचण, संशय, भांडण, मग हळूहळू उभा राहणारा संसार येतो. शेवटाला तर आवाजच नाही.

'सैराट'चा हिंदी रिमेक, शशांक खैतानचा 'धडक', २० जुलै २०१८ ला आला. उदयपूरचे राजवाडे, तलाव, हॉटेल. जात जवळजवळ बाजूला सरली, उरली श्रीमंत-गरीब आणि राजकारणी बाप. एकदा जात काढली की पुढचं सगळं निराधार होतं. आर्चीचा भाऊ इतक्या वर्षांनी गोडाधोडाची भेट घेऊन का येतो आणि काय करून जातो, याचं कारणच जात आहे. शेवटही बदलला. मुलगा आणि बाळ जातात, मुलगी जिवंत राहते. धक्का बसतो, पण तो कुणाच्या घरातून आला ते नीट उमगत नाही. जान्हवी कपूर आणि ईशान खट्टर यांना मी दोष देणार नाही, दोघांनी जीव ओतला आहे. राजस्थानात जातीचं वास्तव कमी आहे का? तिथल्या मातीत ही गोष्ट तितकीच घट्ट रुजली असती. पण पटकथेने ती जमीन खणलीच नाही.

आणि 'झिंगाट' हिंदीत ऐकताना मला नाचावंसं वाटलं नाही, एवढंच सांगते.

एकाच दिग्दर्शकाने स्वतःचा चित्रपट परत करणं योग्य आहे का?

माझ्या मते तो सगळ्यात प्रामाणिक रिमेक. मेहबूब खानांनी १९४० मध्ये 'औरत' केला आणि सतरा वर्षांनी तीच गोष्ट 'मदर इंडिया' म्हणून केली. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता, रंग आला होता, आणि राधाची कहाणी एका घराची न राहता मोठी झाली. सावकार सुखीलाला दोन्हींत कन्हैयालालच आहेत. दोन्ही लागोपाठ बघा, तोच नट वाढलेल्या वयात जास्त घातकी वाटतो. असाच योग 'सिंघम'मध्ये आहे. तमिळ 'सिंगम' (२०१०) आणि हिंदी 'सिंघम' (२०११), दोन्हींचा खलनायक प्रकाश राज.

आपल्या निशिकांत कामतांनी 'डोंबिवली फास्ट' (२००५) तमिळमध्ये 'एवनो ओरुवन' (२००७) म्हणून स्वतःच केला, माधवनला घेऊन. लोकलच्या गर्दीतला माधव आपटे चेन्नईत नेणं सोपं नव्हतं, पण नियम पाळून पाळून चिडलेला मध्यमवर्गीय नोकरदार सगळीकडे भेटतो. पुढे त्याच कामतांनी मल्याळम 'दृश्यम' (२०१३) हिंदीत आणला.

तो हिंदी 'दृश्यम' चांगला म्हणायचा का?

हो, मी म्हणते. जॉर्जकुट्टी केबलवाला केरळच्या डोंगराळ भागातला होता, विजय साळगावकर गोव्यातला झाला. चौथी नापास माणूस, सिनेमे बघून बघून शहाणा झालेला. गोव्याचं नाव काढलं की हिंदी सिनेमा समुद्रकिनारा आणि दारू दाखवतो. कामतांनी पाऊस, लाल माती, गावातलं पोलीस ठाणं आणि एकमेकांना ओळखणारी माणसं दाखवली. पणजीचा सत्संग, हॉटेलातली पावभाजी, बसची तिकिटं हा पोलिसांना चकवण्यासाठी विजयने रचलेला २ ऑक्टोबरचा बनाव प्रेक्षकाच्या डोक्यात इतका पक्का बसला की दरवर्षी २ ऑक्टोबरला मोबाईलवर त्याची आठवण काढणारे निरोप येतात. मोहनलाल मात्र मोहनलालच. अजय देवगणच्या डोळ्यांत धमक दिसते. मोहनलालचा जॉर्जकुट्टी इतका साधा की त्याच्यावर संशय घ्यायची आपल्यालाच लाज वाटावी. मूळही बघाच.

निशिकांत कामत २०२० मध्ये गेले. त्यांच्याकडून अजून खूप काही बघायचं राहिलं.

शेवट बदलला तर चालतो का?

कारण असेल तर चालतो. १९७८ च्या चंद्रा बारोट यांच्या 'डॉन'मध्ये खरा डॉन मरतो आणि भोळा विजय शेवटपर्यंत निभावतो. फरहान अख्तरने २००६ मध्ये डाव उलटवला: आपण ज्याला विजय समजत होतो तो डॉनच निघतो. ज्यांना मूळ गोष्ट तोंडपाठ होती त्यांनाच हा फटका सगळ्यात जोरात बसला. जुना चित्रपट प्रेक्षकाला माहीत आहे हे धरून चालणारा रिमेक मला हुशार वाटतो.

'अग्निपथ'मध्ये उलटं झालं. १९९० च्या चित्रपटातला मिथुनचा कृष्णन अय्यर एम.ए. २०१२ मध्ये गाळला आणि ऋषी कपूरचा रौफ लाला आणला. ऋषी कपूरला असं क्रूर बघणं थरारक होतं. तरी मला कृष्णनची उणीव जाणवली, कारण मांडव्याच्या आगीत जळणाऱ्या विजयच्या आयुष्यातली ऊब त्याच्यामुळे होती.

एकेक फ्रेम तशीच ठेवून केलेला रिमेक?

गस व्हॅन सँटने १९९८ मध्ये हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'चा जवळजवळ प्रत्येक शॉट रंगीत करून पाहिला. सिनेमा शिकणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. मला भीती वाटली नाही.

दक्षिणेतल्या चित्रपटांचे हिंदी रिमेक पूर्वीसारखे चालत का नाहीत?

पूर्वी मूळ चित्रपट आपल्यापर्यंत पोचतच नव्हता. 'भूल भुलैया' (२००७) बघणाऱ्या किती मराठी घरांनी १९९३ चा 'मणिचित्रताळ' बघितला होता? शोभनाला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, तरी आपल्याला नाव माहीत नव्हतं. आता मूळ चित्रपट सबटायटलसह किंवा डब होऊन हातातल्या मोबाईलवर असतो. 'अला वैकुंठपुरमुलु' घरबसल्या बघितलेल्या माणसाने 'शहजादा'चं तिकीट का काढावं? 'जर्सी' आणि 'विक्रम वेधा' हे हिंदी रिमेक काही वाईट नव्हते, शाहिद कपूरचं काम तर मला फार आवडलं, पण गर्दी झाली नाही.

तरी 'दृश्यम २' २०२२ मध्ये जोरात चालला, मल्याळम मूळ आधीच्या वर्षी ओटीटीवर येऊनसुद्धा. लोकांना साळगावकर कुटुंबाचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायचं होतं. जॉर्जकुट्टीचं उत्तर त्यांना पुरणार नव्हतं. आणि आपल्याकडे 'वेड'! २०१९ च्या 'मजिली' या तेलुगू चित्रपटावरून रितेश देशमुखने दिग्दर्शनात पदार्पण केलं, जिनिलियाचा हा पहिला मराठी चित्रपट. डिसेंबर २०२२ अखेर लागला आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत जाऊन बसला. कथेत खोट काढता येईल, मीही काढते. नायकाची इतकी वर्षांची बेफिकिरी बायकोने मुकाट सोसावी हे मला पटत नाही. पण अजय-अतुलचं संगीत आणि खऱ्या आयुष्यातल्या नवरा-बायकोला पडद्यावर बघण्याची ओढ, यासाठी बायका घोळक्याने गेल्या. त्या थिएटरात परत आल्या याचा मला आनंदच आहे.

परवानगी न घेता उचललेल्या कथांचं काय?

कायद्याने नुसत्या कल्पनेवर मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हेच तत्त्व मांडलं. त्यांचं म्हणणं होतं की 'न्यू दिल्ली' हा चित्रपट त्यांच्या नाटकावरून उचलला आहे. न्यायालयाने विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी आहे असं ठरवलं. आता बहुतेक जण रीतसर हक्क विकत घेतात. प्रेक्षक म्हणून माझी मागणी छोटी आहे. मूळ चित्रपटाचं आणि लेखकाचं नाव सुरुवातीच्या पाटीवर वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात द्या. सबनिसांसारखा लेखक काय भर घालतो हेही मग लोकांना कळेल.

मालिकाही रिमेकच असतात म्हणे?

खूपशा असतात. स्टार प्रवाहवरची 'आई कुठे काय करते' २०१९ मध्ये सुरू झाली. ती त्याच वर्षीच्या बंगाली 'श्रीमोयी'वरून, आणि २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा' आली. वाहिन्या एकाच समूहाच्या, त्यामुळे एका भाषेत चाललेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणं सोपं जातं. उलटा प्रवासही होतो: झी मराठीची 'तुला पाहते रे' कन्नडमध्ये 'जोते जोतेयली' झाली आणि तिथे गाजली.

मालिकांबाबत मी जास्त उदार आहे. रोज अर्धा तास लिहायचा म्हणजे महिन्याभरात मूळ कथा मागे पडते आणि स्थानिक लेखकाला आपलंच घर लिहावं लागतं. मधुराणी प्रभुलकरची अरुंधती ठाण्या-मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत सापडेल. माझ्या ओळखीतल्या एका काकूंनी ती मालिका बघत असताना, पन्नाशी उलटल्यावर, पहिल्यांदा स्वतःच्या नावाने बँकेत खातं काढलं. बंगाली मूळ कुठलं, याच्याशी त्यांना काय करायचं आहे?

पौराणिक मालिकांचं गणित वेगळं. रामानंद सागरांच्या 'रामायण'नंतर कितीतरी रामायणं आली, चकचकीत आली. पण २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने १९८७ चीच मालिका लावली आणि घरोघरी तीच बघितली गेली.

जुन्या गाण्यांचे रिमिक्स?

नकोत.

मुलांना आधी मूळ दाखवू की नवा?

जो ती बसून बघतील तो. नवा आवडला तर जुन्याची उत्सुकता आपोआप लागते. फक्त जुना दाखवताना शेजारी बसून प्रत्येक प्रसंगाला "आमच्या वेळी" करू नका. तेवढ्याने मुलं उठून जातात.

रिमेकमुळे मूळ चित्रपटाचं नुकसान होतं का?

'राम गोपाल वर्मा की आग' आला म्हणून 'शोले'वर एक ओरखडाही उठला नाही. नुकसान होतं ते प्रती जपल्या नाहीत तर. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म्सच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुने चित्रपट त्यात गेले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच आहे, १९६४ पासून. तिथलं काम रिमेकवरच्या सगळ्या वादांपेक्षा मोलाचं आहे, आणि पुणेकरांनी तरी तिथे जाऊन एखादा जुना चित्रपट मोठ्या पडद्यावर बघावा.

तुमच्या हातात असतं तर कुठल्या चित्रपटाचा रिमेक करायला सांगितला असता?

बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश'. १९२५ चा मूकपट. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात येऊन गिरणीत लागतो. शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. १९३६ मध्ये पेंटरांनी स्वतःच तो बोलपट म्हणून पुन्हा केला, म्हणजे त्यांनाही ही गोष्ट एकदा सांगून पुरली नव्हती.

आज तो करायचा तर सावकाराला फेटा बांधून गादीवर बसवू नये. तो कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत आहे, बचत गटाच्या दारावर हप्ता मागायला येणाऱ्या पोरात आहे, मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपमध्ये आहे. गिरण्या तर उरल्याच नाहीत. मग विदर्भातला किंवा मराठवाड्यातला तो शेतकरी शहरात येऊन काय करतो? पुण्याच्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमन होतो, भिवंडीच्या गोदामात खोकी उचलतो, की दुचाकीवरून जेवणाचे डबे पोचवतो? लिहिणाऱ्याने आधी त्या तिन्ही ठिकाणी महिना-महिना राहून यावं. शेतकऱ्याच्या बायकोला या वेळी भरपूर संवाद द्यावेत, कारण हप्ते बहुतेक तिच्याच नावावर असतात. आणि शूटिंग खऱ्या गावात, खऱ्या उन्हाळ्यात करावं. मी पहिल्या दिवशीचं तिकीट काढेन.